यंत्र बसवताना ते बंद करण्याविषयीही बोलावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हार्ट फेल्युअर झालेल्या, म्हणजे हृदय दुबळे होऊन पुरेसे रक्त पुढे ढकलू न शकणाऱ्या, वयस्कर रुग्णांच्या छातीत बसवल्या जाणाऱ्या यंत्रांविषयी हे पत्र लिहीत आहे. ही यंत्रे बसवण्यासाठी पूर्वी आमच्या भागातून पुण्या-मुंबईला जावे लागे; आता ती सोय जिल्ह्याच्या शहरांतही झाली आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. माझी तक्रार यंत्राबद्दल नाही. ते नेमके कोणते काम करील, कोणते करणार नाही, आणि आयुष्य संपत आले की त्यातील विजेचा झटका बंद करता येतो, हे रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना समजेल अशा मराठीत वेळेवर सांगितले जात नाही, याबद्दल आहे.

माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली आणि पुढची दहा-बारा वर्षे बरी गेली. मग जिना चढताना धाप, संध्याकाळी पायांवर सूज, रात्री आडवे होता येईना म्हणून पाठीशी तीन उशा, असे सुरू झाले. ७९व्या वर्षी केलेल्या टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग २८ टक्के आले. निरोगी हृदयाचा डावा खालचा कप्पा त्यात भरलेल्या रक्तापैकी निम्म्याहून अधिक, साधारण ५५ ते ६५ टक्के, रक्त दर ठोक्याला पुढे ढकलतो. अण्णांचे हृदय जेमतेम पाव हिश्शाच्या वर काम करत होते. "अचानक काही होऊ नये म्हणून मशीन बसवून घ्या," असे डॉक्टरांनी सांगितले आणि दोन दिवसांत डाव्या कॉलर बोनखाली आयसीडी, म्हणजे गरज पडल्यास हृदयाला आतून विजेचा झटका देणारे यंत्र, बसले.

संमतिपत्र इंग्रजीत होते. अण्णा पूर्ण शुद्धीवर, समोर खाटेवर बसलेले असताना सही माझी घेतली गेली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. बॅटरी किती वर्षे चालते, हा पहिला. त्याचे उत्तर यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाने लगेच दिले. हे बंद कुठून करायचे, हा दुसरा. त्यावर खोलीतले सगळे हसले, मीसुद्धा हसले. अण्णा विनोद करत नव्हते. उभा जन्म इंजिनांत हात घालून काढलेला माणूस कोणतेही यंत्र ताब्यात घेण्याआधी ते थांबवायचे कसे हे विचारणारच, हे निदान मला, त्यांच्या मुलीला, कळायला हवे होते.

मशीन बसले म्हणजे आता पंपिंग वाढेल आणि धाप कमी होईल, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती. तशी समजूत असलेली आणखी कितीतरी घरे मला नंतर तपासणीच्या रांगेत भेटली. ती चुकीची का, हे मला पुढे वाचून आणि एका सहृदय डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजले. आपल्याकडे सर्रास प्रत्येक यंत्राला पेसमेकर म्हणतात. वरून ती सारखीच दिसतात, पण हार्ट फेल्युअरमध्ये त्यांच्याकडून दोन अगदी वेगळी कामे करून घेतली जातात.

पहिले काम हृदयाला एका तालात आणण्याचे. काही रुग्णांत हृदयाच्या डाव्या बाजूकडे जाणारी विजेची वाट अडते, ईसीजीच्या अहवालात त्याला एलबीबीबी असे लिहितात. मग डाव्या कप्प्याच्या समोरासमोरच्या भिंती एका वेळी आवळल्या जात नाहीत, एक ढकलत असते तेव्हा दुसरी सैल असते, आणि आधीच दुबळ्या झालेल्या स्नायूची बरीच मेहनत वाया जाते. सीआरटी या यंत्राची एक जादा तार हृदयाच्या शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या बाजूला नेतात आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ एकाच क्षणी इशारा देतात. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असेल, एलबीबीबी असेल आणि ईसीजीवरील क्यूआरएस हा भाग (विजेचा इशारा खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंद किंवा त्याहून रुंद असेल, तर या यंत्राचा लाभ होण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. रुंदी १३० पेक्षा कमी असेल आणि ठोक्यांना आधार देण्याचे दुसरे कारण नसेल, तर ते बसवू नये असे युरोपातील मार्गदर्शक सूचना सांगतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केअर-एचएफ या अभ्यासात ८१३ रुग्ण होते. सरासरी २९ महिन्यांच्या काळात केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ३० टक्के, तर औषधांबरोबर सीआरटी बसवलेल्यांपैकी २० टक्के दगावले; शिवाय यंत्र असलेल्यांची धाप आणि रोजचे जगणेही सुधारले. त्या यंत्रांत झटका देण्याची सोय नव्हती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दुसरे काम राखणीचे, आणि ते आयसीडी करते. वॉर्सात जन्मलेले डॉक्टर मिशेल मिरोव्स्की यांचे एक ज्येष्ठ सहकारी हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडाने अचानक गेले. त्या दुःखातून त्यांनी अनेक वर्षे अनेकांचा विरोध सोसून हे यंत्र घडवले आणि १९८० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसले. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत जीवघेणी वेगवान गती सुरू झाली की आयसीडी ती ओळखते, बऱ्याचदा आधी वेदना न होणाऱ्या जलद इशाऱ्यांनी ती मोडून पाहते आणि तेवढ्याने भागले नाही तर आतूनच विजेचा झटका देते. शुद्धीवर असलेल्या माणसाला तो छातीवर लाथ बसावी तसा लागतो. या झटक्याने असंख्य माणसे घरी परतली आहेत. परंतु आयसीडीने पंपिंग वाढत नाही, धाप कमी होत नाही, सूज उतरत नाही. अण्णांच्या ईसीजीत ती रुंदी नव्हती, म्हणजे सीआरटीचा त्यांना उपयोगही झाला नसता. त्यांना फक्त राखणदार मिळाला होता. हे कुणी न सांगितल्यामुळे पुढची दोन वर्षे, दम लागला की ते छातीवरच्या त्या उंचवट्यावर बोट ठेवून "हे नीट बसलं नाही बघ" असे म्हणत राहिले.

आयसीडीचा लाभ कोणाला किती, याचे उत्तर वयाबरोबर बदलते, आणि वयस्कर रुग्णाच्या खाटेपाशी हीच गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते. २००२ च्या मॅडिट-२ या अभ्यासात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि पंपिंग ३० टक्के किंवा त्याखाली असलेल्या १,२३२ रुग्णांत, सरासरी २० महिन्यांत, यंत्र नसलेल्यांपैकी १९.८ टक्के आणि यंत्र असलेल्यांपैकी १४.२ टक्के मृत्यू पावले. लाभ खरा आहे, पण त्या रुग्णांचे सरासरी वय ६४ होते. २०१६ मध्ये डेन्मार्कमध्ये, रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे नव्हे तर अन्य कारणांनी हृदय कमजोर झालेल्या १,११६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अचानक येणारे मृत्यू यंत्रामुळे ८.२ वरून ४.३ टक्क्यांवर आले, म्हणजे जवळजवळ निम्मे झाले. एकूण मृत्यूंत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तरुण रुग्णांना फायदा दिसला, सत्तरीच्या आसपास आणि पुढे तो दिसेनासा झाला. कारण समजायला अवघड नाही. वय वाढते तसे मूत्रपिंड, फुप्फुसे, मेंदू, खुद्द थकलेले हृदय अशी मरणाची इतर दारे उघडत जातात, आणि यंत्र त्यांपैकी एकाच दारावर पहारा देते. म्हणून तर पुढे निदान वर्षभर बऱ्यापैकी हिंडते-फिरते आयुष्य अपेक्षित असेल तरच आयसीडी बसवावे, असे मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले असते. ऐंशीच्या माणसाला आयसीडी देऊच नये असे मी म्हणत नाही. रोज सकाळी दोन किलोमीटर चालणारे, शेतावर जाणारे ऐंशीचे आजोबा आणि खाटेला खिळलेले सत्तरीचे गृहस्थ यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पंपिंगच्या आकड्यापुरते पाहिले तर अण्णांना यंत्र बसवले ते नियमाला धरूनच होते. मोजमाप झाले, पण बोलणे झाले नाही.

औषधांविषयी थोडे लिहायलाच हवे. आधी जीवघेणी वेगवान गती झालेली नसताना, केवळ खबरदारी म्हणून आयसीडी बसवायचे असेल, तर योग्य औषधे योग्य मात्रेत किमान तीन महिने देऊन पंपिंग पुन्हा मोजावे, असे सांगितलेले आहे. काही रुग्णांत ते एवढे सुधारते की यंत्राची गरजच उरत नाही. आज त्यासाठी चार प्रकारची औषधे एकत्र वापरली जातात आणि पेटंट संपल्यामुळे त्यांतील महागडी औषधेही भारतात बरीच स्वस्त झाली आहेत. तरीही देशभरातील ५३ रुग्णालयांतील दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीत, शिफारस केलेली औषधे निम्म्याहून कमी रुग्णांना मिळत असल्याचे दिसले. त्याच नोंदणीत रुग्णांचे सरासरी वय साठीच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच आधी गाठतो. काही लाखांच्या यंत्राचा विचार करण्याआधी गोळ्यांची मात्रा पुरी झाली का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे.

आता त्या रात्रीविषयी. अण्णा ८१ वर्षांचे झाले होते. मूत्रपिंडे थकली होती, त्यांनी डायलिसिसला स्पष्ट नकार दिला होता, आणि आम्ही त्यांना घरी ठेवायचे ठरवले होते. अखेरच्या दिवसांत रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडते, हृदय अडखळते आणि ज्या वेगवान गतीसाठी यंत्र बसवलेले असते तीच गती सुरू होते. यंत्राला हा माणूस शांतपणे जाऊ इच्छितो हे कळण्याचा मार्ग नाही. ते आपले काम इमानाने करते. रात्री दोनच्या सुमारास त्यांचे अंग पहिल्यांदा उसळले. पहाटेपर्यंत सात झटके बसले. प्रत्येक झटक्यानंतर ते डोळे उघडून आमच्याकडे पाहत. माझ्या आईने त्यांचा हात धरून ठेवला होता, आणि झटका आपल्यालाही बसेल या भीतीने आम्ही तिला हात सोडायला सांगत होतो. त्या हाताने तिला कसलीही इजा होणार नव्हती, हेही आम्हाला ठाऊक नव्हते. पहाटे त्यांना जवळच्या रुग्णालयात नेले. यंत्राच्या आज्ञा बदलणारे उपकरण तिथे नव्हते, ते घेऊन येणारा तंत्रज्ञ दुपारपर्यंत पोहोचणार होता. अण्णा त्याआधीच गेले.

बहुतेक आयसीडी यंत्रांवर छातीच्या वरून एक विशिष्ट लोहचुंबक ठेवला की, तो तिथे आहे तोवर, झटका देणे थांबते. हा चुंबक मेदूवड्याएवढा, मध्ये भोक असलेला असतो. त्याला वीज लागत नाही की तंत्रज्ञ लागत नाही. त्या अपघात विभागात तो नव्हता, किंवा असल्यास कोणाच्या लक्षात आला नाही. मी त्या रुग्णालयाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांचेही डोळे त्या दिवशी भरून आले होते.

हे केवळ आमच्याच घरी घडलेले नाही. २००४ मध्ये अमेरिकेत आयसीडी असलेल्या १०० मृत रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलून एक अभ्यास झाला. यंत्र बंद करण्याविषयी डॉक्टर बोलले होते ते फक्त २७ घरांत, तेही बहुतेक अखेरच्या काही दिवसांत. आणि ८ रुग्णांना मृत्यूच्या अगदी आधी झटका बसला होता. स्वीडनमध्ये मृत्यूनंतर काढलेल्या १२५ यंत्रांतील नोंदी वाचल्या, तेव्हा ३१ टक्के रुग्णांना शेवटच्या २४ तासांत झटके बसल्याचे आढळले. ज्यांच्या कागदांवर पुन्हा जिवंत करण्याचे प्रयत्न करू नयेत असे लिहिलेले होते, त्यांच्यातही बहुतेकांच्या यंत्रातील झटका चालूच होता.

झटका बंद करणे म्हणजे माणसाला मारणे का, हा प्रश्न माझ्या आईने विचारला आणि तो प्रत्येक घरात विचारला जाईल. झटका बंद केल्याने मृत्यू तत्काळ येत नाही. ठोक्यांना आधार देण्याचे काम यंत्र करत असेल तर ते तसेच चालू ठेवता येते, फक्त झटका थांबतो, आणि आज्ञा बदलताना रुग्णाला काही दुखत नाही. अमेरिकेतील आणि युरोपातील हृदयताल-तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्येच स्पष्ट केले की, रुग्णाच्या इच्छेनुसार यंत्राचे उपचार थांबवणे म्हणजे इच्छामरणही नव्हे आणि आत्महत्येला साहाय्यही नव्हे. आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणे आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आधी लिहून ठेवलेले इच्छापत्र मान्य केले, आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली; आता ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. असे इच्छापत्र करणाऱ्यांच्या छातीत आयसीडी असेल, तर त्यात व्हेंटिलेटरबरोबर झटक्याचाही स्पष्ट उल्लेख करावा. मात्र बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णाला झटके बसू लागले, तर घरच्यांनी आपल्या मनाने काहीही न करता तातडीने रुग्णालय गाठायचे असते. हा फरक आधीच बोलून ठेवलेला असेल तरच त्या रात्री सुचतो.

बोलण्यासाठी आणखी एक नैसर्गिक वेळ आहे, ती बॅटरी बदलण्याची. यंत्राच्या प्रकारानुसार आणि वापरानुसार काही वर्षांनी बॅटरी संपते आणि पूर्ण डबी बदलावी लागते. पंचाहत्तरीत घेतलेला निर्णय पंच्याऐंशीव्या वर्षी आपोआप पुढे चालवायचा की नव्याने विचार करायचा, हे त्या वेळी रुग्णालाच विचारावे. ज्याला सीआरटीने धाप कमी होण्याचा लाभ झाला आहे, त्याने तो ठेवून नव्या डबीत झटक्याची सोय नको असे म्हणणेही शक्य असते. शिवाय दर बदलीत जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि वयस्कर शरीराला तो झेपत नाही.

खर्चाबाबत एवढेच सांगते की, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता पाच लाखांपर्यंत आहे आणि सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता केंद्राचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. पण आपल्याला सुचवलेले नेमके यंत्र त्यात बसते का, हे आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधीच लेखी घ्यावे. आमच्या शेजारच्या एका कुटुंबाने हे नंतर विचारले आणि गाय विकली.

माझ्या मागण्या फार नाहीत. यंत्र कोणते, त्याचे काम काय, त्याने धाप कमी होईल की नाही, आणि झटका केव्हा व कसा बंद करता येतो, हे एका पानावर मोठ्या अक्षरांत मराठीत छापून प्रत्येक रुग्णालयाने रुग्णाच्या हाती द्यावे, आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर सही त्याचीच घ्यावी. ज्या रुग्णालयांत ही यंत्रे बसतात तिथेच नव्हे, तर तालुक्याच्या अपघात विभागात आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत तो चुंबक ठेवावा व तो कधी वापरायचा हे शिकवावे. यंत्रासोबत मिळणाऱ्या ओळखपत्रावर कंपनीचा क्रमांक असतो. त्याच्या मागे रुग्णाची अखेरची इच्छा आणि ती जाणणाऱ्या डॉक्टरांचे नाव लिहायला जागा असावी.

मृत्यूनंतर दहन करायचे असेल तर हे यंत्र आधी काढावे लागते, कारण आगीत बॅटरी फुटते. अण्णांचे यंत्र रुग्णालयात काढून आमच्या हाती दिले गेले. अशी काढलेली, बॅटरी शिल्लक असलेली आयसीडी यंत्रे निर्जंतुक करून मुंबईत ८१ गरजू रुग्णांना बसवल्याचा आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांत त्यांनी हृदयाच्या वेगवान गतीवर योग्य उपचार केल्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता, असे मी नंतर वाचले. त्यात संसर्ग झाल्याचे आढळले नव्हते. अशा पुनर्वापराची नियमबद्ध आणि सुरक्षित व्यवस्था आपल्या राज्यात कोणी करत असेल, तर त्याची माहिती आपल्या वृत्तपत्राने वाचकांना द्यावी. अण्णांचे यंत्र अजून आमच्याकडेच आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा